चंद्रभागेचा दम

बीडहून अंबाजोगाईला जाणाऱ्या सकाळच्या गाडीवर कंडक्टर कोण आहे, हे नेकनूरच्या थांब्यावरच्या माणसांना गाडी वळणावर असतानाच कळायचं. उघड्या खिडक्यांमधून आवाज यायचा, "पुढं सरका, पुढं सरका! दारात काय मांडव घातलाय का, समदे तिथंच उभे राह्यलेत!" हा आवाज चंद्रभागेचा. वय चाळिशीच्या पलीकडं, अंगावर खाकी, हातात तिकिटाचं यंत्र, आणि देह असा की दोन सीटांमधल्या वाटेनं ती निघाली की दोन्ही बाजूची माणसं न सांगता खांदे आत घ्यायची. तोंडावर तिला कुणी जाडी म्हणत नव्हतं. एकदा केजच्या एका पोरानं म्हटलं होतं. त्याला चंद्रभागेनं साऱ्या गाडीसमोर असं काही सुनावलं की तो आपल्या गावाच्या आधीच उतरून चालत गेला.

वजनाचं तिला स्वतःलाही काही वाटत नव्हतं. "आमच्या माहेरात समदे असेच," ती म्हणायची. "बारीक माणूस दिसलं की आमी इचारतो, बरं न्हाई का तुमाला?"

तिला वेड होतं ते कव्वालीचं. वडील राधाकिशन साधे शेतकरी, पण गावच्या दर्ग्याच्या उरुसाला दरवर्षी लेकीला खांद्यावर बसवून न्यायचे. कव्वालाच्या बोलण्यातलं निम्मंशिम्मं तिला कळायचं नाही. पण त्यानं एकच ओळ धरली, ती घोळवत घोळवत वर नेली, मागच्यांनी टाळ्यांचा ठेका वाढवला, आणि आता याचा श्वास तुटणार असं वाटत असतानाच त्यानं आणखी एक तान घेतली, की लहानगी चंद्रभागा बापाचे केस गच्च धरायची. आता तिच्या मोबाइलात दुसरं काही नसलं तरी कव्वाल्या भरपूर होत्या. गाडी रिकामी असली की ड्रायव्हर अभिमन्यू म्हणायचा, "लावा ताई तुमचं. स्टिअरिंगबी हलकं होतंय."

तर असं सगळं बरं चाललं होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी गाडी खच्चून भरली. पायात पोती, डोक्यावर पिशव्या, मांडीवर कोंबड्या. मांजरसुंबा मागं पडल्यावर शेवटच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "ओ कंडक्टर, म्हातारीला भोवळ आली!" अभिमन्यूनं गाडी बाजूला घेतली. चंद्रभागा पाण्याची बाटली घेऊन पुढून मागं निघाली. माणसं सरकली, पण पोती कशी सरकणार? कांद्याच्या गोणीपाशी ती अडकली, कशीबशी सुटली, पुन्हा अडकली. छाती भात्यासारखी हलायला लागली. शेवटच्या सीटपाशी पोहोचली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचत होते. तिनं बाटली पुढं केली आणि तशीच एका पोत्यावर बसली.

म्हातारी तोवर शुद्धीवर आली होती. तिनं बाटली हातात घेतली, चंद्रभागेच्या तोंडाकडं पाहिलं आणि बाटली तिच्याच ओठाला लावली. "घे बाई, तूच पी. माझ्यापरीस तुलाच जास्त लागायलंय." असं म्हणून तिनं पदरानं वाराही घातला.

सगळी गाडी हसली. चंद्रभागाही हसली. पण अंबाजोगाई येईपर्यंत तिनं एकदाही कुणाला पुढं सरका म्हटलं नाही. लोकांच्या हसण्याचं तिला काही नव्हतं. आपण धावून गेलो आणि धावून जाण्याचा काही उपयोग झाला नाही, हे तिला लागलं.

तिची लेक ऋतुजा अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती. तिनं त्याच आठवड्यात आईला डॉक्टरांपुढं उभं केलं. साखर काठावर आलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले. डॉक्टर तरुण होते, नम्र होते. म्हणाले, "वजन कमी करावं लागेल."

"करते की. कुटून करू तेवढं सांगा," चंद्रभागा म्हणाली.

मग घरोघरी होतं तेच तिच्या घरी झालं. ऋतुजानं फोनवरून कोमट पाणी, लिंबू, मध सांगितलं. कुणी म्हणालं रात्रीचं जेवण बंद करा, कुणी म्हणालं भात सोडा. चंद्रभागेनं सगळंच एकदम सोडलं. चार दिवस नुसत्या काकडीवर राहिली, आणि पाचव्या दिवशी केजच्या स्टँडवर गरम भज्यांचा वास आला तशी तिची पावलं आपोआप तिकडं वळली.

स्टँडच्या कोपऱ्यात जुलेखाचा फळांचा गाडा होता. दोघींची ओळख जुनी. गाडी थांबली की चंद्रभागा तिच्याकडं पाच मिनिटं टेकायची. त्या दिवशी जुलेखानं तिला भज्यांचा दुसरा पुडा सोडताना पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"या अल्ला! चंदा, तू उपास सोडतीस तेव्हा जेवढं खातीस ना, तेवढं मी लग्नात बी खात न्हाई."

"मग काय करू गं? भूक का माझ्या बापाचं ऐकती?"

"भुकेशी कुस्ती कावून खेळायलीस? तिला जिंकता येत न्हाई कुणाला. दुसरं कायतरी खेळ." जुलेखानं पपई कापत विचारलं, "ल्हानपणी काय खेळायचीस तू?"

चंद्रभागेचा पुडा हातातच राहिला. "कबड्डी," ती म्हणाली. "नेकनूरच्या शाळेत. डावा कोपरा."

ते शब्द तिनं कितीतरी वर्षांत उच्चारले नव्हते. डावा कोपरा म्हणजे रांगेतली अगदी टोकाची जागा. समोरची पोरगी चढाईला आली की तिचा घोटा धरायचा आणि मरेस्तोवर सोडायचा नाही, एवढंच कोपऱ्याचं काम. चंद्रभागेनं धरलेला घोटा सुटल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. दहावी झाली, लग्न झालं, खेळ सुटला. टीव्हीवर कबड्डी लागली की मात्र ती भाकरी थापायची थांबायची, आणि तव्यावरची करपायची.

थोड्याच दिवसांनी डेपोत अभिमन्यू एक बातमी घेऊन आला. तो स्वतः चांगला खेळाडू होता आणि एसटीच्या खेळांच्या स्पर्धांसाठी संघ जमवायचं काम त्याच्याकडं असायचं. विभागाच्या महिला कबड्डी संघात पोरी कमी पडत होत्या. विश्रांतीच्या खोलीत चहा पिता पिता त्यानं सहज विनोद केला, "चंदाताई, तुमी नुसत्या मैदानात आडव्या झाल्या तरी समोरचीला घरी जाता येणार न्हाई."

सगळे हसले. चंद्रभागेनं कप खाली ठेवला.

"हसून झालं का? मग घे माझं नाव."

अभिमन्यूचं हसू गेलं. तो अवघडून म्हणाला, "ताई, तसं न्हाई हो. बायांच्या कबड्डीत वजनाची अट असती. पंच्याहत्तर किलोच्या वर असलं की खेळूच देत न्हाईत."

नवरा अंगद याची नेकनूरला पिठाची गिरणी होती. गिरणीत धान्य तोलायचा मोठा काटा होता. त्याच संध्याकाळी चंद्रभागा खाकीतच त्याच्यावर उभी राहिली. दळण घेऊन आलेल्या चार बाया माना लांब करून बघत होत्या. काटा एक्क्याण्णवावर थांबला.

अंगद मवाळ माणूस. तो हळूच म्हणाला, "काटा जरा बिघडलाय वाटतं."

"काट्याला काय बोलताव? मी बिघडलेय," चंद्रभागा म्हणाली. "सरळ व्हईन."

दुसऱ्या दिवसापासून ती फटफटायच्या आत शाळेच्या मैदानावर जायला लागली. पहिल्या सकाळी अर्ध्या फेरीतच तिनं चिंचेच्या झाडाला हात टेकला. घरी परतावं असंच मनात होतं. पण कानात कव्वाली नुकतीच सुरू झाली होती, कव्वाल अजून आलापातच होता. पुरी व्हायच्या आत कव्वाली बंद करणं तिच्या जिवावर यायचं. तिनं मनाशी ठरवलं, ही संपेपर्यंत थांबायचं नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं की कव्वाली चालायलाच केली असावी अशी आहे. सुरुवात संथ, तेव्हा पावलं संथ. ठेका धरला की पाय उचलायचे. टाळ्या वाढल्या की हात हलवायचे. आणि शेवटी तो एकच ओळ धरून बसला की आपणही दात ओठ खाऊन ती फेरी पुरी करायची. महिन्याभरात ती एका कव्वालीवरून दोनवर आली. मग चालता चालता ती दम धरायला लागली, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी", एका गोलपोस्टापासून दुसऱ्या गोलपोस्टापर्यंत, एका श्वासात. आधी निम्म्यातच फुगा फुटायचा. ती हसायची आणि पुन्हा मागं जाऊन सुरू करायची.

गावानं अर्थातच बघितलं. सासू सुंदरबाईंनी तर पहिल्याच आठवड्यात तोंड सोडलं. "कावून गं चंद्रभागे, लोकांच्या लेकी-सुना झाडलोट करायल्यात अन् तू मैदानात कबड्डी-कबड्डी वरडायलीस? लोक म्हणत्याल, बाई बिघडली."

"आत्याबाई, लोक मला म्हातारीचं पाणी पेलेली बाई म्हणत्यात. त्याच्यापरीस हे बरं हाय."

सुंदरबाईंचा राग त्यानं गेला नाही. तो गेला टीव्हीमुळं. त्या वर्षी संध्याकाळी कबड्डीचे सामने लागायचे. चंद्रभागा भाजी निवडत बघायची आणि पडद्याशी बोलायची, "अगं बाई, आत्ता नको धरू, आत येऊ दे त्याला!" सुंदरबाई पाठ फिरवून बसायच्या. मग त्या अर्ध्या वळल्या. मग एका संध्याकाळी कोपऱ्यातल्या एका पोरानं चढाईवाल्याचा घोटा असा पकडला की सुंदरबाईंनी मांडीवर थाप मारली, "धर मुडद्याला! सोडू नको!" त्या दिवसापासून त्यांच्या घरी रात्रीची भाकरी सामन्याच्या आधी व्हायला लागली. ताटात ज्वारीची भाकरी, शेपू, ठेचा आणि वाडगाभर ताक. भूक मारायची नाही आणि भुकेचे लाडही करायचे नाहीत, एवढा एकच नियम सुंदरबाईंनी घातला आणि स्वतः त्याचा पहारा केला. तळणाची कढई त्यांनी माळ्यावर नेऊन टाकली.

स्पर्धेचे दिवस आले तेव्हा चंद्रभागेचं वजन ब्याऐंशी होतं. खेळायला मिळणार नव्हतं. तरी ती संघाबरोबर गेली, स्वतःची रजा टाकून. मैदानाच्या कडेला उभी राहून तिनं आपला कंडक्टरचा आवाज पोरींच्या मागं लावला. "डावीकडं बघ! ती बोनसच्या रेषेवर येतीय! हात धर, हात!" समोरच्या संघाच्या बाईंनी पंचांकडं तक्रार केली. संघ पहिल्याच फेरीत हरला. पण तिथं उभ्या उभ्या तिनं चढाईवाल्या पोरींचे पाय नीट बघून घेतले. कोण कोणत्या पायावर वळते, दमाला आली की कुणाची नजर आधी मागच्या रेषेकडं जाते, हे तिला कळलं.

परत येताना अभिमन्यू म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी तुमीच या. बाहेर उभ्या राहून लई आवाज करताव तुमी."

पुढचं वर्ष सोपं नव्हतं. वजन अठ्ठ्याहत्तरवर येऊन असं रुसून बसलं की हलेना. ती चालायची, पळायची, मोजकं खायची, आणि गिरणीतला काटा तिथल्या तिथं. त्यात उजवा गुडघा सुजला. दोन आठवडे मैदान बंद. चिडचिड वाढली, गाडीत लोकांवर, घरी अंगदवर. एकदा जुलेखासमोर तिनं पपईची फोड तशीच ठेवली आणि म्हणाली, "बास झालं. माझ्या नशिबात खेळायचं न्हाई."

जुलेखानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "गुडघा सुजायच्या आधी एकदा तुझी गाडी सुटली, तेव्हा तू कुठं होतीस?"

"चहाच्या गाड्यावर."

"अन् गाडीत कशी आली?"

चंद्रभागेला सांगावं लागलं. ती चढली असं समजून अभिमन्यूनं गाडी काढली होती, आणि ती स्टँडच्या गेटापर्यंत पळत जाऊन चढली होती. चढल्यावर लगेच तिनं तिकिटं फाडायला घेतली होती.

"धाप लागली?"

चंद्रभागा विचारात पडली. लागली नव्हती.

"मग काटा गेला चुलीत," जुलेखा म्हणाली. "खा पपई."

गुडघा उतरला तशी चंद्रभागा पुन्हा मैदानावर गेली. आता ती एकटी नव्हती. डेपोतल्या दोन तरुण कंडक्टर पोरी सुटीच्या दिवशी तिच्याबरोबर पकडीचा सराव करायला नेकनूरला यायला लागल्या. एक दिवस त्यातल्या एकीचा घोटा चंद्रभागेनं धरला आणि ती मुलगी जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाली, "ताई, बैल धडकल्यावानी वाटलं." चंद्रभागेला ते फार आवडलं. तिला बारीक व्हायचंच नव्हतं. पंच्याहत्तरच्या आत बसणारा बैल व्हायचं होतं.

स्पर्धेच्या आधी गिरणीतला काटा चौऱ्याहत्तर आणि वर थोडं दाखवत होता. अंगदनं पेढे आणले, सुंदरबाईंनी ते कुलूपबंद केले. पण स्पर्धेच्या ठिकाणचा काटा वेगळा निघाला. त्यावर चंद्रभागा उभी राहिली आणि आकडा पंच्याहत्तरच्या जरासा वर गेला. वजन घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "दुपारपर्यंत वेळ आहे. परत या."

संघातल्या पोरींची तोंडं उतरली. चंद्रभागेनं हातातल्या बांगड्या काढल्या, जोडवी काढली, वेणीतल्या पिना काढल्या, सगळं एका पोरीच्या ओंजळीत ठेवलं. अंगावर दोन जर्सी चढवल्या, कानात कव्वाली लावली आणि भर उन्हात मैदानाला पळत फेऱ्या मारायला लागली. बाकीचे संघ जेवत होते. जेवता जेवता ते बघायला लागले. एका फेरीत कुणीतरी टाळी वाजवली, पुढच्या फेरीत बऱ्याच जणींनी ठेका धरला. घामानं ओली चिंब होऊन ती पुन्हा काट्यावर उभी राहिली, तेव्हा आकडा पंच्याहत्तरच्या आत होता. बाईंनी मान हलवली. "जा, पाणी प्या आधी," त्या म्हणाल्या.

संघात ती सगळ्यांत मोठी होती. उपांत्य सामन्यात समोरच्या संघातली एक उंच, हडकुळी, वाऱ्यासारखी पोरगी चढाईला आली आणि पहिल्याच चढाईत चंद्रभागेच्या खांद्याला बोट लावून निघून गेली. जाताना हसली. चंद्रभागा मुकाट्यानं बाहेर जाऊन बसली. तिथून तिनं त्या पोरीचे पाय बघितले. उजव्या पायावर वळते. वळायच्या आधी एकदा मागं बघते.

पुन्हा आत आली तेव्हा सामना बरोबरीत होता आणि वेळ संपत आली होती. हडकुळी पोरगी आली, पलीकडच्या कोपऱ्याला हूल दिली, मग चंद्रभागेसमोर येऊन नाचायला लागली. चंद्रभागा हलली नाही. पोरगी आणखी एक पाऊल आत आली. तिनं मागं बघितलं. तेवढ्यात चंद्रभागा खाली गेली आणि दोन्ही हातांनी तिचा घोटा धरला. पोरगी झटकत, ओढत मधल्या रेषेकडं निघाली आणि चंद्रभागेला मातीतून फरफटत घेऊन गेली. कोपर सोललं, तोंडात माती गेली. बाकीच्या पोरी धावून येईपर्यंत तिनं फक्त एवढंच केलं, सोडलं नाही. पोरीची बोटं रेषेच्या वीतभर अलीकडं थांबली आणि तिचा दम तुटला.

शिट्टी वाजली. सामना जिंकला.

अंतिम सामन्यात मात्र त्या सपाटून हरल्या. समोरच्या पोरी खरंच भारी होत्या, आणि चंद्रभागेनं ते मोकळेपणानं कबूल केलं. सामना संपल्यावर तिनं त्यांच्या कप्तानाला जवळ बोलावून विचारून घेतलं, "ती शेवटची उडी कशी मारलीस गं? पुन्हा दाखव." कप्तानानं दाखवली. चंद्रभागेनं तिथंच तीनदा करून बघितली आणि तिसऱ्यांदा पडली.

घरी आली तर सुंदरबाई मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसल्या होत्या. अभिमन्यूनं सामन्याचा व्हिडिओ पाठवला होता आणि त्यांनी तो बहुतेक पाठच केला होता. सुनेच्या सोललेल्या कोपरावर त्यांनी हळद लावली, तिला समोर बसवलं आणि बोट पडद्यावर ठेवलं.

"पकड चांगली झाली. पण पहिल्या येळंला तू उगी पुढं गेलतीस. तिला आत येऊ द्यायचं होतं."

"व्हय आत्याबाई. माझं चुकलं ते."

"अन् हे बघ, फायनलला तुमच्या उजव्या कोपऱ्याला झोप आलती का?"

अंगदनं पेढ्याचं कुलूप उघडलं. चंद्रभागेनं एक खाल्ला, चवीनं, डोळे मिटून, आणि डबा सुटीला घरी आलेल्या ऋतुजाकडं सरकवला. मग सासूच्या शेजारी सरकून बसली, आणि दोघी मिळून फायनल पुन्हा पहिल्यापासून बघायला लागल्या. पुढच्या मोसमात उजव्या कोपऱ्यात कुणाला उभं करायचं, यावरून त्यांची चांगलीच जुंपली.